परदेशी निघालेल्या मुलांची शिदोरी

सप्टेंबर महिना जवळ आला म्हणजे हल्ली आपल्या मंडळींतील पुष्कळ घरांतून एक निराळीच लगबग दिसू लागते. पूर्वी ह्या दिवसांत गणपतीचे मखर आणि गौरींचा फराळ एवढीच काळजी असे. ती आजही आहेच. पण तिच्या जोडीस आता मधल्या खोलीत दोन मोठ्या बॅगा उघड्या पडलेल्या असतात, वजनाचा काटा शेजारून मागून आणलेला असतो, आणि मेतकूट किती, भाजणी किती, गोडा मसाला किती ह्याचा खल सकाळ-संध्याकाळ चाललेला असतो. घरातील मुलगा अथवा मुलगी उच्च शिक्षणासाठी जर्मनीस निघालेली असते. तेथील हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरात सुरू होतात, म्हणून निघण्याची वेळ गणेशोत्सवाच्या आगेमागे येते.

आईने बांधून दिलेली शिदोरी ही आपल्याकडील विद्यार्थिदशेची जुनी खूण आहे. मागील पिढ्यांत कोकणातून पुण्यास शिकावयास येणारा मुलगा पोह्यापिठाचे गाठोडे घेऊनच घाट चढत असे, आणि ते सरले की वार लावून अथवा माधुकरी मागून जेवत असे. तथापि घर सोडताना त्या मुलास एक गोष्ट पक्की ठाऊक असे. ती ही की, आपल्या घरी पैसा किती आहे व त्यातून आपल्या वाट्यास किती येणार. आज जी मुले विमानाने जातात त्यांतील कित्येकांस नेमके हेच ठाऊक नसते. बॅगेतील प्रत्येक डब्याचे वजन होते. पण मुलाच्या खांद्यावर आपण काय ठेवीत आहो, ह्याचे वजन सहसा कोणी करीत नाही. ह्या महिन्यात त्याच वजनासंबंधी चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे.

डब्यांचा विषय निघालाच आहे, म्हणून गृहिणींस एक सूचना प्रथमच करतो. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशास दुधाचे पदार्थ बरोबर आणता येत नाहीत. तेव्हा साजूक तुपाची बरणी आणि पेढ्यांचा पुडा घरीच ठेवावा, आणि ती जागा मेतकुटास द्यावी.

आता पैशाकडे वळू. जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत शिक्षण फुकट मिळते, अशी वार्ता आपल्याकडे घरोघर पोहोचली आहे. ती पुष्कळ अंशी खरी आहे, पण पुरती खरी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग ह्या प्रांताने 2017 सालापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांवर सत्रास 1,500 युरो शुल्क बसविले; म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही 2024 च्या हिवाळी सत्रापासून नव्याने येणाऱ्या अशा विद्यार्थ्यांकडून शुल्क घेण्यास आरंभ केला. खाजगी संस्थांचे शुल्क तर सर्वत्रच असते व ते जबर असते. म्हणून ज्या संस्थेचे प्रवेशपत्र हाती आले ती सरकारी की खाजगी, एवढे तरी वडिलांनी स्वतः पाहावे. सल्ला देणारा मनुष्य जेव्हा संस्थेकडून दलाली घेतो, तेव्हा त्याचा सल्ला कोणाच्या हिताचा, हा प्रश्न विचारण्यास संकोच धरू नये.

शुल्क नसले तरी राहण्या-जेवण्यास पैसा लागतोच. परवान्याच्या अर्जापूर्वी विद्यार्थ्याच्या नावे वर्षभराच्या खर्चाची रक्कम एका विशेष खात्यात ठेवावी लागते. त्यास ब्लॉक्ड अकाउंट असे म्हणतात. 2024 च्या सप्टेंबरपासून ही रक्कम 11,904 युरो ठरली, व तेथे गेल्यावर त्यातून महिन्यास 992 युरोच हाती येतात. युरो शंभर रुपयांचा धरला तर अकरा लाख नव्वद हजार चारशे रुपये झाले, आणि हे केवळ पहिल्या वर्षाचे. भारतीय विद्यार्थ्यांस 2022 च्या नोव्हेंबरपासून आपली प्रमाणपत्रे एपीएस ह्या जर्मन कचेरीकडून तपासून घ्यावी लागू लागली. त्याचा खर्च व विलंब निराळा. विमानाचे तिकीट, आरोग्याचा विमा, थंडीचे कपडे आणि खोलीची अनामत ह्यांची बेरीज वाचकांनी आपापल्या वहीत करावी.

ही रक्कम ज्यांच्या गाठी शिल्लक आहे त्यांची गोष्ट वेगळी. पण पुष्कळ घरांत ती कर्जाने उभी राहते, आणि साडेसात लाखांपुढील कर्जास बँका बहुधा तारण मागतात. तारण म्हणजे राहते घर. आता एक साधे त्रैराशिक मांडून पाहा. वीस लाख रुपये दहा टक्क्यांनी घेतले व सोयीसाठी सर्व रक्कम एकदम उचलली असे धरले, तर वर्षास दोन लाख व्याज होते. दोन वर्षे शिक्षणाची आणि पुढे एक वर्ष सवलतीचे, अशी तीन वर्षे हप्ता भरला नाही तर सरळ व्याजानेही सहा लाख चढतात. सव्वीस लाखांची फेड दहा वर्षांत करावयाची तर दरमहा सुमारे चौतीस हजार रुपये हप्ता येतो. शिक्षण चालू असताना निदान व्याज भरीत गेल्यास सहा लाखांचा हा बोजा वाढत नाही. पण ते व्याज कोणाच्या निवृत्तिवेतनातून जाणार, हेही बोलले गेले पाहिजे.

आमचे म्हणणे एवढेच की, हा हिशेब मुलापुढे मांडावा. "तू अभ्यास कर, पैशाचे आम्ही पाहतो," हे वाक्य मायेचे आहे, पण त्यात पुढील दुःखाचे बीज आहे. मुलास आकडा कळत नाही. मात्र आई रात्री जागी असते, वडिलांनी चारधामचा बेत रहित केला, हे त्यास कळतच असते. न कळलेला आकडा मनात वाढत जातो. कागदावर लिहिलेला आकडा कितीही मोठा असला तरी त्यास अंत असतो, व त्याच्याशी दोन हात करता येतात.

हिशेबाची सवयही निघण्यापूर्वीच लावावी. महात्मा गांधी 1888 च्या सप्टेंबरात मुंबईहून विलायतेस गेले, तेव्हा प्रथम उंची पोशाख, नृत्याची शिकवणी आणि व्हायोलिन ह्यांत त्यांनीही पैसा घालविला. लवकरच ते सावध झाले. पै-पैचा जमाखर्च ते लिहीत असतच, तो रोज रात्री निजण्यापूर्वी मिळवून पाहात. त्या वहीच्या आधारे त्यांनी खर्च निम्म्यावर आणला, पुढे एकच खोली घेतली आणि सकाळचे खाणे स्वतः शिजवू लागले. आपल्या मुलाच्या हाती निघण्यापूर्वी तीन महिने सबंध घराचा खर्च द्यावा. वाण्याचे बिल, विजेचे बिल, कामवाल्या बाईंचा पगार त्यानेच भागवावा आणि महिनाअखेर शिल्लक दाखवावी. 992 युरोंत महिना काढण्याचे शिक्षण घरच्या घरी ह्याहून स्वस्त मिळणार नाही.

दुसरी तयारी हातांची. आपल्या घरांतील मुलांस, विशेषतः मुलग्यांस, विसाव्या वर्षापर्यंत स्वतःचे ताट धुण्याचा प्रसंग येत नाही, आणि ह्यात आपण प्रेम मानतो. ज्या परंपरेचा अभिमान आपण मुंजीच्या दिवशी मिरवितो, तिच्यात तर बटूने भिक्षा मागून आणावी, समिधा तोडाव्या, अग्नीची व गुरुगृहाची सेवा करावी आणि मग अध्ययनास बसावे असा क्रम होता. श्रमास विद्येतून वगळण्याचे काम ऋषींनी केले नाही, ते आपण केले. जर्मनीत गेलेल्या विद्यार्थ्यास सकाळी कणीक मळून विद्यापीठात जावे लागते. सामाईक घरात स्वयंपाकघर व न्हाणीघर स्वच्छ करण्याची पाळी येते. ती चुकविणारा मनुष्य कितीही बुद्धिमान असला तरी सोबत्यांस नकोसा होतो. कागद, काच, प्लॅस्टिक व ओला कचरा निरनिराळ्या डब्यांत टाकावा लागतो. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच तांदूळ-भाजी आणून ठेवण्याचे भान लागते. ह्यात कठीण काही नाही. पण भाषा, थंडी आणि अभ्यास ह्यांच्या जोडीस तेही एकदम अंगावर आले म्हणजे मूल गांगरते. वरणभात, पोळी, एक उसळ व एक पालेभाजी एवढे ज्यास येते त्याचे पोट परदेशात भरते. ह्या कामी मुलगा आणि मुलगी असा भेद ठेवणाऱ्या आया मुलाचेच नुकसान करतात.

ह्यातच कचेरीच्या कामांची गणना करावी. त्या देशात घर घेतल्यावर साधारणतः दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत पत्त्याची नोंद करावी लागते. त्या दाखल्यावाचून पुढील कामे अडतात. सरकारी पत्रे अद्यापि टपालाने, कागदावर, जर्मन भाषेत येतात. समजले नाही म्हणून ती फडताळात ठेवून दिल्यास दंडाची पत्रे मागाहून येतात. येथे ज्या मुलाने कधी पोस्टात वा बँकेत जाऊन स्वतः अर्ज भरला नाही, त्यास निघण्यापूर्वी तो धडा अवश्य द्यावा.

भाषेसंबंधी एक समज असा आहे की, अभ्यासक्रम इंग्रजीत असला म्हणजे जर्मन शिकण्याचे कारण नाही. वर्गात हे खरे असेल. परंतु घरमालकीण, वैद्य, नगरकचेरीतील कारकून आणि किरकोळ काम देणारा दुकानदार हे वर्गाबाहेर राहतात. पुण्यास मॅक्सम्युलर भवनात ही भाषा शिकण्याची उत्तम सोय आहे, आणि शाळेत ज्यांनी संस्कृत घेतले त्यांस तर भिण्याचे मुळीच कारण नाही. तिन्ही लिंगे मराठीस परिचित आहेत, विभक्ती संस्कृताच्या आठांपुढे अवघ्या चार आहेत, आणि लांबलचक समासांची आपणांस सवय आहे. गौण वाक्यात क्रियापद शेवटी येते हे इंग्रजास विचित्र वाटेल. मराठी मनुष्यास ते घरचेच वाटते. ज्याच्या नावाने ती संस्था उभी आहे तो मॅक्सम्युलर स्वतः जर्मनीतून 1845 साली पॅरिसला संस्कृत शिकण्यासाठी गेलेला विद्यार्थी होता, ही गोष्ट मुलांस आवर्जून सांगावी.

आता ज्यासाठी ही लेखणी मुख्यतः उचलली त्याकडे येतो. तेथील अभ्यासाची रीत आपल्याहून फार निराळी आहे. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास बहुधा 120 क्रेडिट लागतात, म्हणजे सत्रास 30. एका क्रेडिटामागे 25 ते 30 तासांचा अभ्यास धरलेला असतो. तीस तास धरल्यास सत्राचे 900 तास झाले, व ते सव्वीस आठवड्यांत वाटले तर आठवड्यास सुमारे पस्तीस तास पडतात. विद्यार्थ्यास नोकरी करण्याची कायद्याने मुभा आहे. 2024 च्या मार्चपासून ती वर्षास 140 पूर्ण दिवस अथवा 280 अर्धे दिवस अशी झाली. पण आठवड्यास वीस तास काम धरले की एकूण पंचावन्न तास होतात, आणि स्वयंपाक, बाजार व प्रवास ह्यांचा वेळ त्यात अजून आलाच नाही. घरचा हप्ता मुलाच्या किरकोळ नोकरीतून फिटेल असा हिशेब ज्यांनी मनात बांधला असेल, त्यांनी हे गणित पुन्हा एकदा करून पाहावे.

शिवाय तेथे हजेरीचा बडगा पुष्कळ ठिकाणी नसतो, आणि परीक्षेस बसण्यासाठी स्वतः मुदतीत नाव नोंदवावे लागते. "का आला नाहीस?" असे विचारणारा मास्तर तेथे भेटत नाही. परीक्षेचे प्रयत्न मात्र मोजके असतात, बहुधा दोन किंवा तीन. आवश्यक विषयातील शेवटचा प्रयत्नही वाया गेला तर विद्यार्थ्याचे नाव त्या अभ्यासक्रमातून कमी होते, आणि तोच अभ्यासक्रम त्या देशातील दुसऱ्या विद्यापीठातही सामान्यतः घेता येत नाही. राहण्याचा परवाना शिक्षणावर अवलंबून असल्याने तोही धोक्यात येतो.

ह्यावरून ध्यानात येईल की, पहिल्या अपयशाची बातमी घरी वेळेवर कळणे किती महत्त्वाचे आहे. एकदा अनुत्तीर्ण झालेल्या मुलास उपाय पुष्कळ असतात. विषयांचा क्रम बदलता येतो, नोकरीचे तास कमी करता येतात, विद्यापीठातील सल्लागारास भेटता येते. मन खचले असल्यास विद्यार्थिकल्याण संस्थांत त्यासाठीही सल्ला मिळतो. शेवटच्या प्रयत्नानंतर कळविणाऱ्यास हे मार्ग उरत नाहीत. आणि कळविण्यास इतका उशीर का होतो? मुले लबाड असतात म्हणून नव्हे. ज्या घरात निघण्यापूर्वी सत्कार झाला, आत्या-मावश्यांनी ओवाळले, सोसायटीत पेढे वाटले आणि घर तारण ठेवले, त्या घरी "मी नापास झालो" हे वाक्य उच्चारण्यास जीभ रेटत नाही. रविवारी फोनवर "कसे काय चालले आहे?" असे विचारले जाते, "मजेत" असे उत्तर येते, आणि दोन्हीकडे समाधान मानले जाते. डिसेंबरात तेथे दुपारी चारच्या सुमारास अंधार पडू लागतो. त्या अंधारात एकट्याने बसून ते एक वाक्य गिळणाऱ्या मुलाची कल्पना पालकांनी करून पाहावी.

पूर्वी समुद्र ओलांडणे हे आपल्यांत कलिवर्ज्यांत मोडत असे, आणि परत आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. गांधींनाही 1891 साली परतल्यावर त्यांच्या वडील बंधूंनी जातीच्या समाधानासाठी नाशिकास नेऊन गोदावरीत स्नान घातले होते. ते प्रायश्चित्त आता इतिहासजमा झाले. पण त्याच्या जागी आपण नवे बसविले आहे. समुद्र ओलांडल्याचे कोणी विचारीत नाही; पदवीवाचून परत आल्याचे मात्र सगळे विचारतात, आणि त्यास शुद्धीचा विधीही सांगितलेला नाही. जुन्या कर्मठांहून हे अधिक निष्ठुर आहे, असे आम्हांस स्पष्ट वाटते.

परत येणे म्हणजे पराभव, ही समजूत इतिहासाने खोटी पाडली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांच्या पाठीशी ना घराण्याचा पैसा होता ना समाजाने दिलेला मान, ते 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून 1916 साली ते लंडनला शिकण्यास आले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 साली लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांस मायदेशी परतावे लागले. मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली, पगारातून पैसा साठविला, मित्राकडून कर्ज घेतले, आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. 1923 साली तेथील डी. एस्सी. ही पदवी त्यांनी मिळविली. 1917 साली त्यांच्या परतण्यास कोणी अपयश म्हटले असते तर ते किती उथळ ठरले असते!

दुसरे स्मरण आनंदीबाई जोशी ह्यांचे. 1883 च्या एप्रिलात त्या कलकत्त्याहून निघाल्या, 1886 च्या मार्चात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या, आणि 1887 च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसता, पुण्यास क्षयाने वारल्या. त्यांच्या पदवीचा गौरव आपण यथार्थ करतो. पण ती पदवी मिळविताना परक्या थंडीत व आहाराच्या आबाळीत त्यांची मुळातच नाजूक प्रकृती कशी खालावत गेली, हा भाग आपण भराभर उलटतो. आज आरोग्याचा विमा आहे, वैद्य आहेत, रोजच्या रोज चेहरा पाहून बोलण्याची सोय आहे. म्हणून गुणांची चौकशी करण्यापूर्वी झोप, जेवण आणि सोबत ह्यांची चौकशी करावी. "काल कोणाबरोबर जेवलास?" ह्या प्रश्नाचे उत्तर "मजेत" ह्या शब्दाने देता येत नाही, हा त्याचा विशेष गुण आहे.

इतके भय दाखविल्यावर मुलांस पाठवावे तरी कशाला, असे कोणी म्हणेल. आमचा तसा आशय मुळीच नाही. ज्यास ज्ञानाची ओढ आहे त्याने अवश्य जावे. जग पाहिल्याने मनुष्य रुंद होतो, आणि आपल्या घरांस त्या रुंदीची गरज आहे. आमचा आग्रह एवढाच की, निघण्याच्या आठ दिवस आधी, नातलग जमण्यापूर्वी, आई, वडील आणि मूल ह्या तिघांनीच एके रात्री बसावे. कर्ज किती, तारण काय, हप्ता कधीपासून, हे एका कागदावर लिहावे. कोणत्या रकमेपलीकडे आपण जाणार नाही, तेही लिहावे. एखादे सत्र वाया गेल्यास काय करावयाचे, हे तेव्हाच ठरवावे. कारण संकट आल्यावर माणसे ठरवीत नाहीत, नुसती एकमेकांस बोलतात. आणि शेवटी वडिलांनी आपल्या तोंडाने स्पष्ट सांगावे: "बाळ, नापास झालास तर पहिला फोन आम्हांला कर. परत यावेसे वाटले तर ये. घराचे काय करायचे ते आपण मिळून पाहू."

हे वडिलांनीच सांगणे बरे. आईच्या मनात ते असतेच, आणि मुलास ते ठाऊकही असते. वडिलांच्या मनात आहे की नाही, ह्याचाच त्यास संशय असतो. भाजणी महिन्या-दोन महिन्यांत संपेल, लोकरीचे कपडे दोन हिवाळे टिकतील. हे वाक्य मात्र दोन्ही वर्षे पुरेल. येत्या सप्टेंबरात ज्यांच्या घरून मुले निघावयाची असतील, त्यांनी बॅगा बंद करण्यापूर्वी ते उच्चारावे, एवढेच आमचे वाचकांस सांगणे आहे.